वड्याचं तेल वांग्यावर

त्या दिवशी माझ्या उजव्या टाचेला फोड आला होता. ऑफिसात नवा नियम लागू होऊन दुसराच आठवडा चालू होता. बायकांनी काळे, पुढून बंद आणि थोडी टाच असलेले बूट घालायचे, असं एचआरच्या मेलमध्ये लिहिलं होतं. त्याआधी मी सपाट सँडल घालायचे. ते स्वच्छ होते, नीटनेटके होते. माझं काम दिवसभर स्क्रीनसमोर बसून हिशेब तपासायचं. पाय टेबलाखाली असतात, ते कुणाला दिसतही नाहीत. दुपारी मीटिंगमधून बाहेर पडताना मी जरा लंगडले, तेव्हा आमचे विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "होईल हो सवय, एवढ्यातेवढ्याचं काय!" चार जण हसले. मीही हसले.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर मुलगी गणिताचा पेपर हातात घेऊन उभी. ८० पैकी ५७. मी अजून बूटसुद्धा काढले नव्हते. माझ्या तोंडून जे निघालं ते लिहायची मला लाज वाटते, तरी लिहिते. "एवढं सगळं करून सत्तावन्न? लक्ष कुठे असतं तुझं?" ती म्हणाली, "आई, पण ती बेरीज..." मी म्हटलं, "कारणं सांगू नकोस." तिने पेपर जुन्याच घडीवर पुन्हा दुमडला आणि आत निघून गेली.

रात्री सही करायला म्हणून मी तो पेपर दप्तरातून काढला. समासात प्रत्येक प्रश्नाच्या गुणांशेजारी तिने पेन्सिलीने बारीक टिंबं दिली होती आणि तळाशी स्वतः बेरीज मांडली होती. ६१. शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूचे चार गुण बाईंकडून धरायचे राहून गेले होते. ती मला तेवढंच सांगायला आली होती.

मी बराच वेळ त्या पेन्सिलीच्या टिंबांकडे बघत बसले. चूक चार गुणांची होती. ती नसती तरी मी जे बोलले ते चूकच होतं. पण त्या रात्री एक गोष्ट लख्ख दिसली, आणि तेव्हापासून ती मला सोडत नाही. दुपारी जिथे बोलायला हवं होतं तिथे मी हसून गप्प बसले, आणि संध्याकाळी जिथे गप्प बसायला हवं होतं तिथे तोंड सोडलं. आमच्या विभागप्रमुखांचं उत्तर मी माझ्या मुलीला दिलं. वड्याचं तेल वांग्यावर.

हे फक्त माझ्या घरात घडतं असं मला वाटत नाही. रोजच्या बारीकसारीक वैतागांबद्दल आपल्याकडे एकच सल्ला तयार असतो: मनावर घेऊ नका, सोडून द्या, जगात याहून मोठी दुःखं आहेत. मोठी दुःखं आहेतच. पण सोडून दिलेला वैताग हवेत विरून जात नाही. तो उतारावरून वाहतो आणि सगळ्यात खाली जो उभा असतो त्याच्या अंगावर पडतो. घरात सगळ्यात खाली उभं असतं ते मूल. म्हणून कपड्यांचे नियम, रांगा, निकालपत्रकं या 'छोट्या' गोष्टी सार्वजनिक प्रश्न आहेत असं मी म्हणते, आणि ज्यांनी त्या तशा बनवल्या त्यांच्याकडे त्यांचा हिशेब मागायला हवा.

छोट्या गोष्टींना छोटं म्हणण्याची सवय शास्त्रालाही बरीच वर्षं होती. १९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड रे या दोघा संशोधकांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, नोकरीवरून काढून टाकणं ४७, असं उतरत उतरत किरकोळ कायदेभंग ११. ताण म्हणजे असं काही मोठं कोसळणं, ही समजूत त्यामागे होती. पुढे रिचर्ड लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट्या बाजूने पाहिलं. त्यांनी रोजच्या ११७ कटकटींची यादी केली. वस्तू हरवणं, वाढत्या किमती, वजनाची काळजी, एका वेळी अंगावर आलेली खूप कामं, असलं सगळं त्यात होतं. शंभर मध्यमवयीन माणसांकडून नऊ महिने ती भरून घेतली. १९८१ मध्ये निष्कर्ष छापून आले: माणसाच्या मनाची प्रकृती कशी राहील याचा अंदाज मोठ्या घटनांच्या यादीपेक्षा या कटकटींच्या यादीवरून जास्त चांगला बांधता येतो.

मला यात नवल वाटत नाही. मोठ्या दुःखात माणसं धावून येतात, कामावरून रजा मिळते, कुणीतरी पाठीवर हात ठेवतं. टाचेच्या फोडासाठी कुणी रजा देत नाही. उलट तो बोलून दाखवला तर आपणच लहान ठरतो. त्रासापेक्षा तो त्रास लपवण्यात जास्त दम लागतो, आणि हे रोज, दिवसातून चारदा. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण पैशांच्या बाबतीत सांगत आलो, वैतागाच्या बाबतीतही ते तितकंच खरं आहे.

आता कपड्यांचा नियमच घेऊ, कारण त्यावर मला मनापासून भांडायचं आहे.

ऑफिसात काय घालावं याला काहीच नियम नको, असं माझं म्हणणं नाही. यंत्रावर काम करणाऱ्याने सैल ओढणी घालू नये, आग विझवणाऱ्याने न पेटणारा कोट घालावा, रुग्णाला नर्स कोण आणि नातेवाईक कोण हे गणवेशावरून कळावं. या नियमांमागे कारण आहे, ते एका वाक्यात सांगता येतं आणि ऐकणाऱ्याला लगेच पटतं. सारख्या कपड्यांमुळे माणसामाणसांतला गरीब-श्रीमंत भेद थोडा झाकला जातो हेही मला मान्य आहे. माझा आक्षेप दुसऱ्या जातीच्या नियमांना आहे, ज्यांचं कारण विचारलं की उत्तर येतं, "पॉलिसी आहे." पॉलिसी हे कारण नसतं. पॉलिसी म्हणजे कुणीतरी, कधीतरी, कुठल्याशा बैठकीत घेतलेला निर्णय. ज्याने घेतला त्याच्या टाचेला फोड येत नाही. उंटावरून शेळ्या हाकायला बसलं की खालचे काटे दिसत नाहीत.

२०१६ साली लंडनमधलं एक प्रकरण गाजलं. तात्पुरत्या कामावर रुजू व्हायला आलेल्या एका रिसेप्शनिस्ट तरुणीने सपाट बूट घातले होते, म्हणून पहिल्याच दिवशी तिला घरी पाठवलं. दोन ते चार इंच टाचेचे बूट घालून ये, असं सांगून. त्या दिवसाचा पगार नाही. तिने विचारलं की पुरुष सहकाऱ्यांनाही हाच नियम आहे का, तर लोक हसले. तिने ब्रिटिश संसदेकडे अर्ज केला आणि त्यावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या. मार्च २०१७ मध्ये संसदेत त्यावर चर्चा झाली. सरकारने नवा कायदा करायला नकार दिला, आहे तो समानतेचा कायदा पुरेसा आहे म्हणून सांगितलं. पण त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने कामाच्या ठिकाणी उंच टाचांची सक्ती करायला बंदी घातली, आणि ती सुरक्षिततेच्या नियमांत घातली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एका प्रांताच्या सरकारने पायाचं दुखणं फॅशनच्या खात्यातून उचललं आणि जिथे ते असायला हवं तिथे, इजेच्या खात्यात टाकलं.

पुरुषांचं सगळं सुखात चाललंय असंही नाही. उकाड्यात गळ्याशी टाय आवळून बसलेली माणसं मी रोज बघते. मग त्या टायसाठी आणि कोटासाठी एसी एवढा वाढवायचा की शेजारच्या टेबलावरच्या बाईने शाल गुंडाळून टायपिंग करायचं. यावर नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात लिहिलं. इमारतींमधलं तापमान किती ठेवायचं याचं जे सूत्र जगभर वापरतात, ते १९६० च्या दशकातलं आहे, आणि शरीर किती उष्णता तयार करतं हे ठरवताना त्यात ४० वर्षांचा, ७० किलो वजनाचा पुरुष डोळ्यांसमोर धरलेला आहे. बसून हलकं काम करणाऱ्या तरुण बायकांचं शरीर त्याहून बरीच कमी उष्णता तयार करतं, असं त्यांच्या मोजणीत दिसलं. म्हणजे एसीवरून रोज होणारी ती कुरबुर, जिला आपण "हिला नेहमीच थंडी वाजते" म्हणून हसण्यावारी नेतो, तिच्या मुळाशी कुणीतरी साठएक वर्षांपूर्वी मांडलेला आकडा आहे. थंडी वाजणाऱ्या बाईचा स्वभाव किरकिरा नाही. सूत्रात तिची गिनतीच झालेली नाही.

आणि बदल करायचा ठरवला तर तो होतो. २००५ मध्ये जपान सरकारने उन्हाळ्यात कार्यालयं २८ अंशांवर ठेवायची आणि त्यासाठी टाय-कोट उतरवायचे अशी मोहीम काढली. नाव 'कूल बिझ'. हेतू वीज वाचवण्याचा होता, पण जो टाय शिस्तीचा कणा म्हणून मिरवला जात होता तो मंत्र्यांनीच काढून दाखवला आणि कारभार बुडाला नाही.

विभागप्रमुखांच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो मी टाळत नाही. ग्राहकाला नीटनेटकेपणा दिसला की विश्वास वाटतो, एकाला सूट दिली की दहा जण मागतात, आणि नियम म्हटला की कुणालातरी टोचणारच. यातलं पहिलं बरंचसं खरं आहे, म्हणूनच नीटनेटकेपणाबद्दल माझं भांडण नाही. स्वच्छ, साधे, कामाला शोभतील असे कपडे घाला, एवढं एक वाक्य पुरतं. त्याच्या पुढे टाचेची उंची आणि कॉलरचा प्रकार लिहायला लागलात की तुम्ही ग्राहकाचा विचार करत नसता, तुम्ही माणसांना जागा दाखवत असता. दहा जणांनी सूट मागितली तर त्या दहाही जणांना काहीतरी टोचतंय, ही माहिती फुकट मिळाली असं समजायला हवं. कुणालातरी टोचणारच, याला माझं एकच म्हणणं: ते 'कुणालातरी' नेहमी खालच्या खुर्चीवरच का असतं?

रांगांबद्दल, फोनवर वाजत राहणाऱ्या त्या गाण्याबद्दल, "उद्या या" म्हणणाऱ्या खिडक्यांबद्दल बोलायचं तर दुसरा लेख होईल. एवढंच सांगते की रांगेत उभ्या माणसाला नेमकं काय छळतं हे डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय. किती वेळ लागेल हे माहीत नसलं आणि उशीर का होतोय हे कुणी सांगितलं नाही की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. उपाय कागदाच्या चिटोऱ्यावर मावेल इतका साधा आहे: अंदाजे वेळ आणि कारण लिहून लावा. तरी खिडकीवर पाटी असते ती "आज सिस्टीम बंद आहे" एवढीच. उभं राहणाऱ्याचा वेळ मोजलाच जात नाही.

मला बोलायचंय ते त्या रांगेतून घरी परतलेल्या माणसाबद्दल.

रेना रेपेटी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला. विमानांना वाट दाखवणारी ही माणसं, म्हणजे दिवसभर डोक्यावर टांगती तलवार. कामाचा दिवस आणि त्यानंतरची घरची संध्याकाळ यांच्या रोजच्या नोंदी बाईंनी त्यांच्याकडून घेतल्या. कामाचा नुसता भार जास्त असलेल्या दिवशी हे बाप घरी येऊन गप्प गप्प, अलिप्त राहत. पण ज्या दिवशी कामावर माणसांशी खटके उडालेले असत, त्या संध्याकाळी मुलांवर चिडणं आणि शिस्तीच्या नावाखाली त्यांना बोलणं वाढे. १९९४ मध्ये हे छापून आलं. त्यात मला स्वतःची संध्याकाळ दिसली. मला कामाने थकवलं नव्हतं. हिशेब तर रोजचेच होते. मला थकवलं होतं त्या चार जणांच्या हसण्याने, आणि त्याहून जास्त माझ्या स्वतःच्या हसण्याने.

आणि आता जे लिहितेय ते वाचून मी दोन दिवस नीट झोपले नव्हते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात संशोधकांनी २०१५-१६ या शैक्षणिक वर्षातल्या नोंदी तपासल्या. एकीकडे शाळांनी प्रगतिपुस्तकं कोणत्या दिवशी दिली त्या तारखा, दुसरीकडे ५ ते ११ वर्षांच्या मुलांना घरी मारहाण झाल्याच्या, चौकशीत खऱ्या ठरलेल्या तक्रारी. प्रगतिपुस्तक शुक्रवारी दिलेलं असेल तर पाठोपाठच्या शनिवारी या तक्रारी जवळजवळ चौपट होत होत्या. आठवड्यातल्या इतर दिवशी दिलं तर अशी वाढ दिसत नव्हती.

पुन्हा वाचा. मुलं तशीच, गुण तसेच, आईबाप तसेच. बदलला तो वार. आठवड्याभराचा शीण घरात साचलेला, दुसऱ्या दिवशी शाळा नाही, म्हणजे अंगावरचे वळ बघायला बाईही नाहीत. चौपट होण्याचं कारण नेमकं हेच, असं त्या संशोधकांनी ठामपणे म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणत नाही. पण मुलाच्या गुणांनी आईबापांना राग येतो ही आपली समजूत त्या आकड्यापुढे टिकत नाही. गुणांमुळेच राग येत असता तर तो मंगळवारीही तेवढाच आला असता. राग आधीच घरात येऊन बसलेला असतो. प्रगतिपुस्तक त्याला फक्त दार उघडून देतं.

ज्या कागदासाठी हे सगळं होतं, तो कागद तरी किती भरवशाचा? १९१२ आणि १९१३ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी अमेरिकेतल्या शाळांमध्ये एक साधा प्रयोग केला. एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडे तपासायला पाठवली. इंग्रजीच्या पेपरला मिळालेल्या गुणांत मोठी तफावत आली, तेव्हा लोक म्हणाले की भाषेत असं होणारच, मत आलं तिथे. म्हणून त्यांनी भूमितीचा पेपर घेतला. त्याच एका पेपरला कुणी २८ गुण दिले तर कुणी नव्वदाच्या वर. भूमितीत! मधल्या शंभर वर्षांत तपासण्याच्या पद्धती सुधारल्या, नमुना उत्तरं आली, मान्य. तरी माझ्या घरातल्या पेपरवर साधी बेरीज चुकली होती, आणि त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर किती गठ्ठे असतील आणि त्यांच्या टाचेला कुठला फोड आला असेल, मला काय ठाऊक. मी एवढंच म्हणते की माणसाच्या हाताने दिलेल्या आकड्याला आपण देवाच्या आवाजाचा मान देतो, आणि मूल "पण बेरीज..." म्हणालं की त्याला उद्धट ठरवतो.

निराशेचं गणित मात्र वैतागाहून वेगळं आहे, ते एकात कालवून चालणार नाही. वैतागामागे बहुतेक वेळा कुणाचा तरी नियम असतो. निराशेमागे असते ती आपली अपेक्षा. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये ते अपूर्णांकात मांडलं होतं: स्वतःबद्दलचा आदर म्हणजे यश भागिले अपेक्षा. वरचा आकडा वाढवा किंवा खालचा कमी करा, उत्तर वाढतं. मोठ्या माणसापुरतं हे ठीक आहे. मोठा माणूस आपला छेद आपण ठरवू शकतो. मुलाच्या अपूर्णांकात यश मुलाने मिळवायचं असतं आणि खालचा आकडा आपण लिहितो. आपण, शेजारी, नातेवाईक, शिकवणीतले सर. ते पोर वरचा आकडा कितीही वाढवो, आपण खालचा त्याच्याहून भराभर वाढवत नेतो. ७० मिळाले की ८०, ८० मिळाले की "पहिली कोण आली?"

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे चित्रफितींवर दाखवून, ते किती आनंदी दिसतात ते लोकांना विचारण्याचा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळालेले जास्त आनंदी दिसत होते. रौप्यवाल्याच्या डोळ्यांपुढे हुकलेलं सुवर्ण असतं, कांस्यवाल्याच्या डोळ्यांपुढे रिकाम्या हाताने परतणं. जगातला दुसरा माणूस उभ्या मैदानात खट्टू होतो, मग वर्गात दुसऱ्या आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला "एका गुणाने गेला रे" म्हणून आपण त्याच्या हातचं काय काढून घेतो याचा विचार करा. सिंगापूरने याचा विचार केला. परीक्षांच्या बाबतीत अतिशय कडक म्हणून ओळखला जाणारा तो देश, पण २०१९ पासून तिथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या प्रगतिपुस्तकांतून वर्गातला क्रमांक छापणं बंद झालं. बऱ्याच परीक्षा राहिल्या, अभ्यास राहिला. छापील क्रमांक गेला.

मला माहीत आहे की इथे बरेच वाचक म्हणतील, आम्ही नाही का बोलणी खाल्ली, मारही खाल्ला, काय बिघडलं आमचं? मी या प्रश्नाचा आदर करते, कारण तो विचारणाऱ्या पिढीने आमच्यासाठी खस्ता काढल्या. पण उत्तर देणं भाग आहे. बिघडलं हे, की अन्याय झाला तर हसून गप्प बसायला आपण त्या बोलण्यांतच शिकलो. वरच्यापुढे बोलायचं नाही, कारण सांगायचं नाही, खालच्यावर काढायचं. चाळिशीत मी विभागप्रमुखांपुढे हसले त्याची तालीम कधीतरी एखाद्या उत्तरपत्रिकेपुढे झाली होती. आणि माझी मुलगी पेपर घडी घालून आत गेली तेव्हा तिची सुरू झाली.

म्हणजे मग अपेक्षा ठेवायच्याच नाहीत का, असंही विचारतील. ठेवाव्यात. अभ्यास न करता मिळालेल्या ५७ गुणांबद्दल बोलावंच लागेल, आणि खडसावूनही बोलावं लागेल कधी. पण ते बोलणं त्या पेपरबद्दल असायला हवं. कोणतं गणित अडलं, कुठे घाई झाली, काय समजलंच नव्हतं. यासाठी पेपर उघडून वाचावा लागतो. मी वाचला असता तर टिंबं दिसली असती. मी फक्त पहिल्या पानावरचा लाल आकडा वाचला.

म्हणून मागण्या करायच्या तर त्या योग्य दारात जाऊन कराव्यात. शाळांना माझी विनंती आहे की निकालाचा वार विचार करून ठरवा. सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रगतिपुस्तक हातात देऊन मुलाला घरी पाठवू नका. पेपर मुलाच्या हातात आधी द्या, दोन दिवस वर्गातच राहू द्या, बेरीज त्यालाच तपासायला लावा आणि चूक दाखवणाऱ्या मुलाला शाबासकी द्या. याला एक पैसा खर्च येत नाही. कार्यालयांना विनंती की प्रत्येक नियमाखाली कारण लिहा, तो कुणी केला त्या पदाचं नाव लिहा, आणि तो पुन्हा कधी तपासणार ती तारीख लिहा. कारण लिहायला बसलात की अर्धे नियम आपोआप गळून पडतील, मला खात्री आहे. आणि तक्रार घेऊन येणाऱ्याला "एवढ्यातेवढ्याचं काय" म्हणू नका. एवढंतेवढं आहे तर बदलायला तुम्हाला जड का जातं?

आम्हा आईबापांना काय सांगू? राग गिळा असं सांगणार नाही, गिळूनच तर हे झालं. पण दारातून आत येताना तो कुणाचा आहे हे एकदा स्वतःला विचारावं, आणि त्याचा मालक ऑफिसात असेल तर सकाळी तिथे नेऊन द्यावा. मी नेऊन दिला. एचआरला सरळ साधी मेल लिहिली, फोडाचा फोटो जोडला, आणि विचारलं की टेबलाखालच्या बुटांना टाच कशासाठी हवी. दोघीतिघींनी खाली आपली नावं घातली, त्यांतल्या एकीला तर मी नीट ओळखतही नव्हते. अजून उत्तर आलेलं नाही. मी सपाट बूट घालून जाते आणि कुणी विचारलं तर त्या मेलची तारीख सांगते.

मुलीला मी त्याच रात्री उठवून माफी मागितली नाही, सकाळी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि वेणी घालत राहिली. पेपर घेऊन बाईंकडे ती स्वतः गेली, मला येऊ दिलं नाही. बाईंनी चार गुण वाढवले आणि बाजूला छोटी सही केली. ६१ झाल्याचं तिने मला सांगितलं ते दोन दिवसांनी, दुसरंच काहीतरी बोलता बोलता.

परवा विज्ञानाचा पेपर मिळाला. मी घरी आले, बूट काढले, पाणी प्यायले. ती दप्तर मांडीवर घेऊन समोर बसली होती. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "आत्ता दाखवू, की नंतर?"